हाताने लावलेला प्लग

नागावच्या किनाऱ्यावर एकदा विमान पडलं होतं... माझ्यामुळे. साठ सालच्या आसपासची गोष्ट. नातवाने हे फेसबुक काढून दिलंय, तर एकदाचं लिहून टाकतो.

मी मुंबईत एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होतो. लग्नाला सहा महिने झालेले, कुसुम माहेरी नागावला गेलेली. तिला आणायला जायचं म्हणून माझं कामात लक्ष कुठलं... समुद्रापलीकडे नेणारी लाँच चुकू नये म्हणून सगळं भराभर उरकलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या ओटीवर माझा जावयाचा थाट चालला होता. पानात तिसरं घावन पडलं आणि नारळांच्या शेंड्यांवरून एक छोटं विमान आलं. इंजिनाचा आवाजच नव्हता.

जेवण टाकून धावलो. ओहोटी होती म्हणून वाळूवर उतरता तरी आलं, पण चाक रुतून विमान उलटलं होतं. आमच्याच क्लबाचं! आत विमान चालवायला शिकवणारे साहेब. त्यांना बाहेर काढलं, हात मोडला होता, पण शुद्धीवर होते.

विमानाचं पोट तेलाने माखलेलं. ते पाहिलं आणि मला लगेच कळलं, तेल गळून इंजिन बंद पडलं होतं. आदल्या दिवशी ऑइल बदलून इंजिनाखालचा, तेल अडवणारा प्लग मी नुसता हाताने लावला होता... पान्याने आवळायचा राहिला होता.

लोक म्हणत होते, पक्षी आपटला असेल. सासऱ्यांनी साहेबांना शहाळं दिलं आणि अभिमानाने म्हणाले, "घाबरू नका सायेब. आमचे जावय याच इमानांचे मिस्त्री हायेत."

सांगितलं तर नोकरी जाणार, सासुरवाडीत अब्रूही जाणार. पण साहेबांचा लोंबणारा हात बघवेना. सगळ्यांसमोर म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे. प्लग आवळायचा राहिला."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग सासऱ्यांनी दुसरं शहाळं फोडून माझ्या हातात दिलं. "प्या आधी. तोंड सुकलंय तुमचं."

नोकरी गेलीच. परतीच्या लाँचवर कुसुम माझ्या शेजारी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "माझ्यासाठी घाई केलीत ना? यापुढे लाँच चुकली तरी चालेल... पण आवळून या."

पुढे मोटार गॅरेजात लागलो. निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी दार उघडताना तिचा एकच प्रश्न, "आवळलंत ना सगळं?" कधीकधी वैतागायचो. पण माझ्या हातून पुन्हा कधी काही ढिलं राहिलं नाही, ते त्या प्रश्नामुळेच.

कुसुमला जाऊन दोन वर्षं झाली. काल स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला, पाना खाली ठेवला... आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हणालो, "हो गं, आवळलं."