मालनची पत्ती

मालनच्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलंय, हे ओगल्यांना नेमकं दुपारी डोळा लागता लागता आठवतं. उत्तर कळलेलं आहे, पण निवृत्त ग्रंथपाल माणूस; मेलेल्यालाही भितो.

मालन ही बँडवाल्या रंगनाथ मास्तरांची लेक. मास्तर गेल्यावर तिनं क्लॅरिनेटच्या तोंडाला बसवून फुंकायच्या बोरूच्या दोन पत्त्या पाठवल्या, एक बापाची, एक तिची. 'माझ्या ओठांत दम नाही म्हणून बाबांनी बँडमधून काढलं. खरं काय ते तुमच्या यंत्रावर बघून सांगा. पुन्हा वाजवावंसं वाटतंय.'

ओगल्यांनी छंद म्हणून घरीच जुळवलेलं यंत्र साधं आहे. पत्तीच्या टोकावर वजन ठेवायचं, किती वाकते ते काट्यावर बघायचं. कमी वाकली की कडक, आणि कडक पत्तीला दम जास्त लागतो.

पापण्या मिटतात. समोर मास्तर, लाल कोटात.

"काय ओगले, बोरूच्या चिपाडाला वजनं लावताय व्हय? उद्या शिंक तराजूत घालाल!"

"बसा ना, मास्तर."

"मेलेल्याला बसा म्हणणारे तुम्हीच."

खोलीचं वाचनालय झालंय. कपाटांमधून वरात चाललीय. नवरदेवाचा घोडा कादंबऱ्या हुंगतो. मास्तर फुंकर घालतात.

"दगड आहे ही माझी पत्ती, दगड! बायामाणसांचं काम नव्हे. मालनला दोन सुरांत धाप लागायची."

ओगले हात पुढे करतात. आता ते पंगतीत बसलेत आणि केळीच्या पानावर यंत्र वाढलेलं आहे. मास्तरांच्या पत्तीवर वजन ठेवताच काटा सरकतो, सरकतच राहतो.

"सायीसारखी मऊ आहे, मास्तर. दगड तुम्ही मालनला दिलात."

"काटा मोडका असंल तुमचा."

"तिच्या पत्तीला हाच काटा जेमतेम हलला."

"मग काय, वरातीनं मला पाठ दाखवून तिच्याकडं बघायचं?" मास्तर तुच्छतेनं हसतात. "आणि तुम्ही सांगणार तिला? वाचनालयात 'गप बसा' म्हणायची छाती नव्हती तुमची. पाटी लावली होतीत!"

खरंच आहे. पाटीच लावली होती.

"मग लिहूनच सांगतो," ओगले म्हणतात.

जाग येते. खालचा ओठ झोंबतोय. बोट लावतात, तर बोरूचं बारीक कुसळ. पत्ती त्यांनी जन्मात तोंडात घातलेली नाही.

ते कार्ड घेतात. 'चि. मालन, तुझी पत्ती कडक होती, वडिलांची मऊ. त्यांना ते ठाऊक होतं. तुझ्या ओठांत काही कमी नाही. वाजव.'

कोपऱ्यावरच्या पत्रपेटीत कार्ड तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत ओगले हात बाहेर काढत नाहीत.