दाराच्या फटीतून

माझ्या लेकीला सारखा ताप यायचा, लघवीला आग व्हायची. चोपड्याचे डॉक्टर म्हणाले, जळगावला नेऊन लघवीच्या पिशवीचा एक्स-रे काढा. बारीक नळी घालून पिशवीत औषध भरतात आणि मूल टेबलावर निजल्या निजल्या लघवी करत असताना फोटो घेतात. तिनं केलीच नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हसावं की रडावं कळेना. चार वर्षांची पोर. अंथरूण ओलं करू नये म्हणून वर्षभर मी हात धुऊन तिच्या मागे लागले होते. आत्ता कुठे जमलं होतं, आणि ती ते गल्लीभर मिरवत होती.

नवरा सुरतेला मिलमध्ये, सणावारी यायचा. खेड्यातल्या सासूबाईंना कळवलं, तर त्यांचा निरोप आला, "कोनले सांगू नको. आंडेरनी जात शे." पोरीची जात, उद्या लग्नाच्या वेळी लोक बोलतील म्हणे. त्यांना नातीचं लग्न दिसत होतं, ताप दिसत नव्हता. मला राग आला. पण तो बोलून दाखवायला होतं कोण?

मग आमची तालीम सुरू झाली. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणून तिच्या हातात दिली, बाहुलीला लावून दाखवली. रोज दुपारी मोरीत मेणकापड अंथरून तिला उताणी निजवायची आणि म्हणायचं, कर. मी फसवतेय अशा नजरेनं ती बघायची. शेवटी ती तान्ही असताना काढायचे तसा आवाज काढला, "शूऽऽ". तेव्हा कुठे झाली. शेजारीण डोकावली, "काय करी ऱ्हायनी व?" मी म्हटलं, मोरी धुतेय.

उठल्यावर ती रोज विचारायची, "माय, तू संगे ऱ्हाशी ना?"

"ऱ्हासू ना. तठेच ऱ्हासू."

जळगावात नळी घालेपर्यंत मी तिचा हात धरून होते. ती रडली, पण नळी ओळखीची असल्यामुळे फारशी हलली नाही. मग फोटो काढणाऱ्या माणसानं मान वर न करता विचारलं, "बाई, दिवस गेलेले नाहीत ना?"

गेले होते. अजून कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ती बातमी मी पहिल्यांदा दिली ती ह्या परक्या माणसाला. तो म्हणाला, "मग तुम्हाला आत थांबता येणार नाही. बरोबर दुसरं कुणी आहे?"

दुसरं कुणी नव्हतं. मी बाहेर आले, दार लागलं. आतून "माय, माय" ऐकू येत राहिलं, मग तेही थांबलं. बऱ्याच वेळानं नर्सबाईनं दार किलकिलं केलं. "आवळून धरलंय हो तिनं. नाही केली तर परत यावं लागेल."

परत म्हणजे पुन्हा ती नळी, आणि पुन्हा मी दाराबाहेर. मी पदर खोचला, फटीला तोंड लावलं आणि जोरात सुरू केलं, "शूऽऽ". बाकावरची माणसं वळून बघू लागली. धोतर नेसलेले एक आबा तर चष्मा काढून बघत होते. बघा म्हटलं. दम संपला की श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरू. तोंडाला कोरड पडली तरी थांबले नाही. आत यंत्र खडखडलं आणि नर्सबाई म्हणाली, "झाली, झाली."

परतीच्या एसटीत ती माझ्याशी बोलेना. तापीचा पूल आल्यावर म्हणाली, "तू निंघी गयी व्हती."

"दारमाच व्हतू, बेटा."

तिनं जरा विचार केला. "हां. माले आयकू ऊनं."

माझं शूऽऽ तिला ऐकू आलं होतं. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं. त्या सबंध वर्षात माझा आवाज कुणापर्यंत पोचला असेल, तर तो तिच्यापर्यंत.