वेलांटीसरांच्या घरची शिकवणी

आमच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या या गृहस्थांना मुलं वेलांटीसर म्हणत. ह्रस्व-दीर्घाच्या पलीकडे जगात काही असतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. शिपायाचे वडील वारले तेव्हा सूचनाफलकावरच्या मजकुरातली चूक त्यांनी आधी खडूने सुधारली आणि मग दुःखी चेहरा करून उभे राहिले.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवतो. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचा तास मला फुकटात ऐकावा लागे. प्रश्न विचारायचा, पोर उभं राहून "अं..." म्हणतंय तोच "बस खाली, ठोंब्या!" वर्ग खिदळला की सर स्वतःवर खूश. याला ते दरारा म्हणत.

त्यांची बायको हसरी, बोलकी बाई. एका सकाळी कणीक मळता मळता तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. पुढे हात थोडा हलायला लागला, शब्दही परत येऊ लागले, पण वाट चुकून. पाणी हवं असलं की ती "खिडकी" म्हणायची.

बोलण्याचा सराव घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सरांना बजावलं, "घरी रोज बोलतं करा. घाई नको. चुकलं तरी चालेल."

चुकलं तरी चालेल! सरांनी हे वाक्य स्टाफरूममध्ये नाक मुरडत सांगितलं. "कालची पोर मला शिकवायला निघाली. मी काय आज शिकवतोय?"

मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वर्ग भरला. मी विचारपूस करायला गेलो होतो, तेव्हा दारातूनच ऐकलं.

"हे काय आहे?" सरांनी पेला उचलून धरला होता.

"खि... खि..."

"पेला! पे-ला! पहिलीतलं पोर सांगेल!"

तिने ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ती नवऱ्याशी बोलेनाशीच झाली. सर आम्हाला सांगत सुटले, "प्रगती खुंटलीय. इच्छाच नाही हो तिला." नापास पोरांच्या आईबापांनाही ते शब्दन् शब्द हेच ऐकवत.

शेवटी सरांची थोरली बहीण मदतीला येऊन राहिली. कानाने अधू. ऐकण्याचं यंत्र ती बहुतेक वेळा डबीतच ठेवायची. भावाचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून असेल, तर बाई शहाणीच म्हणायची. नणंद-भावजयीचं मात्र मस्त जमलं. एक चुकीचे शब्द बोलायची आणि दुसरीला ते ऐकूच यायचे नाहीत. नणंद हातातलं काम टाकून तिच्या ओठांकडे बघत बसायची. "हं, काय गं?" एवढंच. मग वाट बघायची. शेवटी पाण्याकडे बोट जायचं, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. बघता बघता "खिडकी"चं "पाणी" झालं, मग "थंड पाणी", आणि एका दुपारी "आमटीत मीठ नाही".

वेलांटीसर दारात उभे राहून हे सगळं बघायचे. दुसरा कुणी असता तर शरमला असता. यांनी त्याचं भाषण केलं!

गावातल्या शिक्षकांच्या मेळाव्यात विषय होता, "अनुभवातून घडलेला शिक्षक". सरांनी आवाज कापरा केला. "तिच्या एकेका शब्दाची मी तासन्‌तास वाट पाहिली. तिने मला संयम शिकवला." लोकांनी रुमाल काढले. मी माझा खिशातच ठेवला.

बायको नणंदेबरोबर पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या थांबल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक तिच्यापुढे धरला. "आपण दोन शब्द बोलाल?"

"नको, नको, तिला नाही जमायचं," सर घाईघाईने म्हणाले.

तिने डाव्या हाताने माइक ओढून घेतला. "खो... खो..."

"खोकला येतोय तिला," सर म्हणाले.

"खोटं," ती म्हणाली. अगदी स्वच्छ. मग नणंदेकडे बोट केलं. "वाट... हिने."

"काय म्हणाली रे?" नणंदेने भावाला मोठ्याने विचारलं. सरांनी भाषणाचे कागद गोळा करायला घेतले. "अरे, काय म्हणाली ती?"

"सांग," बायको म्हणाली.

बहिणीला हळू बोललेलं कळत नाही. त्यामुळे सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं सरांना ओरडावं लागलं, "वाट तू पाहिलीस म्हणतेय! मी नाही!"

त्यानंतर बरेच दिवस सर खाली मान घालून शाळेत यायचे. मग एकदा भिंतीपलीकडून त्यांचा प्रश्न ऐकू आला, आणि पुढे काहीच नाही. चक्कर आली की काय म्हणून मी डोकावलो. एक पोरगं "अं... अं..." करत होतं, आणि सर मुठी वळून, दात आवळून उभे होते. कपाळावरची शीर तट्ट फुगलेली. पोराने शेवटी उत्तर दिलं, तेही चुकीचं.

"चुकलं तरी..." सर म्हणाले आणि अडकले. पुढचे शब्द काही केल्या बाहेर पडेनात. "हं. बस."

आता भाषणाची बोलावणी आली, तर ते बायकोला विचारतात. ती नाही म्हणते. तो शब्द तिला पक्का येतो.

पोराला वाक्य पुरं करू द्यावं, एवढंसं कळायला ज्याच्या बायकोची वाचा जावी लागते, त्याला मी थोर म्हणणार नाही. पण परवा त्यांच्या वर्गातल्या एका तोतऱ्या मुलीने अख्खी कविता म्हटली. मी माझी बेरीज अर्धी सोडून ऐकत होतो. मधे कुणी हसलं नाही. सरांनीही चकार शब्द काढला नाही.

कविता संपल्यावर मात्र त्यांनी तिचे दोन उच्चार दुरुस्त केलेच.