एकट्या कॉर्नरची चाचणी

"या मुलाची पकड सुटते," साहेब म्हणाले. "घोटा धरतो आणि रेडर सोडून देतो. पुढचा बोलवा."

गोकुळ मॅटबाहेर येऊन बसला. कोपर सोललेलं, मान खाली. वय एकोणीस. नशिराबादहून धुळ्याला, देवपूरच्या या चाचणीला त्याला मीच आणलं होतं.

मी एका कबड्डी संघाचा स्काउट. म्हणजे गावोगाव फिरून नवी मुलं हेरायची. मग ड्राफ्ट होतो. त्यात लीगचे संघ आळीपाळीने एकेक मुलगा उचलतात. घर माझं रत्नागिरीकडे. शाळा नववीत सुटली, पुढे गुडघा गेला आणि खेळही सुटला. तेव्हा संघाची निवड बघणाऱ्या साहेबांनी हे काम दिलं, म्हणून आज जळगावात खोली करून दोन घास खातोय. त्यांना उलट बोलायचं मी टाळतो.

पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं.

कॉर्नर म्हणजे बचावाच्या साखळीचं टोक. रेडर चढाईला आला की कॉर्नरने त्याचा घोटा धरायचा. त्याच क्षणी साखळीत आतल्या बाजूला उभ्या कव्हरने अंगावर जाऊन रेडरला बाहेर ढकलायचं. नुसता घोटा धरून तगडा गडी थांबत नाही. तो कॉर्नरला फरफटत मधल्या रेषेपर्यंत नेतो. गोकुळचं तेच झालं होतं. चाचणीत सगळ्या मंडळांची मुलं मिसळून खेळवली होती. त्याने घोटा धरला की बाकीचे पुतळ्यासारखे उभे.

का उभे, ते नळावर कळलं. धुळ्याच्याच एका मंडळाचे आबा आपल्या मुलांना सांगत होते, "पोऱ्याहो, त्या नशिराबादवालाले मदत करानी नही. पाय तो धरी, पॉइंट बी त्यालेच भेटी."

"आबा, हा सात जणांचा खेळ आहे!" मी ओरडलो.

आबा शांतपणे तोंड पुसत म्हणाले, "भाऊ, निवड तर एकेकानी शे ना? तुम्हीच ठेयेल शे अशी चाचणी."

राग आबांचा आला होता, तो आता आमचाच यायला लागला. मी तडक साहेबांकडे गेलो. "साहेब, याला त्याच्या स्वतःच्या साखळीत बघा. उद्या सकाळी, नशिराबादला."

"मला एक कॉर्नर हवाय. सातांचं काय करू?"

"एकच घ्या. पण बघा सातांत."

"नशिराबाद जळगावच्या पुढे. माझी रेल्वे चुकली तर?"

"तर मला काढून टाका," मी बोलून गेलो. साहेबांनी ड्रायव्हरला पहाटे निघायला सांगितलं.

सकाळी नशिराबादच्या मातीत मुलं तयार होती. त्यांचे प्रशिक्षक नाना पाणी मारून मैदान बसवत होते. आमच्याबरोबर संघाचा सरावाचा रेडर होता. तो हसत चढाईला गेला. गोकुळने घोटा धरला आणि त्याचा चुलत भाऊ युवराज कव्हरवरून असा आला, की रेडर थेट रेषेबाहेर.

"पाय घसरला," रेडर म्हणाला.

"मग परत या की पाव्हणं!" युवराज म्हणाला. पोरं खिदळली.

तो परत आला. परत बाहेर गेला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "ठीक. कॉर्नर घेऊ."

"आणि कव्हर, साहेब? त्याच्यामुळेच तर..."

"कव्हर काल ठरलाय. त्या आबांच्या मंडळातला. काय स्वच्छ खेळला! एकही चूक नाही."

चूक होणार कशी? तो जागचा हललाच नव्हता! हे मी मोठ्याने म्हणालो. साहेब गाडीत बसले होते. त्यांनी काच वर केली.

ड्राफ्टमध्ये आमच्या संघाने गोकुळ आणि आबांचा कव्हर, दोघांनाही उचललं. गोकुळच्या आईने मला पेढा दिला. युवराजनेही हसून हात मिळवला, पण माझी नजर वर होईना.

पहिल्याच सराव शिबिरातून साहेबांचा फोन आला. "अरे, तुझ्या मुलाची पकड सुटतेच की!"

"साहेब, त्याने घोटा धरल्यावर कव्हर काय करतो?"

फोनवर मॅटचा धपधप आवाज आला. मग साहेब म्हणाले, "उभा आहे."

पुढची चाचणीही मुलं मिसळूनच झाली. वेळ वाचतो म्हणे. मी मात्र आता पकडणाऱ्याकडे नंतर बघतो. आधी बघतो, शेजारी उभं कोण राहिलं.