चौथा रकाना

कै. दैवशाला बलभीम गपाट (१९६९–२०२३), मुक्काम भूम तालुका, शिक्षण सातवी, व्यवसाय खव्याच्या भट्टीवरील काम.

मी दुग्धशास्त्राचा अध्यापक होतो. खवा गरम असतानाच डब्यात भरून झाकल्यास बुरशी उशिरा लागते, असा माझा निबंध एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली प्रसिद्ध झाला. तो एकाही भट्टीवाल्याने वाचला नाही. दैवशालाबाईंनी भाच्याकडून वाचून घेतला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्याचा ‘नमुना’ केला. त्यांच्या प्रत्येक नमुन्याला चार रकाने असत : अडचण, ती कुठे येते, उपाय, आणि उपायाने काय बिघडते. माझ्या ‘ऐंशी अंश’ऐवजी त्यांनी लिहिले होते : ‘खवा कढई सोडून गोळा झाला की लगेच.’

त्यांचे असे इतर बारा नमुने सात भट्ट्यांवर टांगलेले पाहून माझे अंग जळाले. त्यात भट्टीमालक रणधीर सर्वांसमक्ष म्हणाला, “सर, पंचवीस वर्षं तुमचा कागद कपाटात थंड पडला, बाईनं गरम गरम भरला की!”

कार्तिकात बाई माझ्याकडे आल्या. हातात माझ्या निबंधाचा, अजून न टांगलेला नमुना; त्याचा चौथा रकाना कोरा होता.

“सर, यानं बिघडतं काय?”

“काहीही नाही.”

“काहीच बिघडत न्हाय असा उपाय म्या अजून बघितला न्हाय. तो भरल्याबिगर नमुना टांगू कसा?”

मोठ्या डब्यात खवा हळू निवतो आणि तांबूस पडतो, हे माझ्या वहीत होते. निबंध उणा दिसू नये म्हणून मी ते गाळले होते. आता तर माझे नाव दोषाच्याच रकान्यात येणार, या विचाराने मी वही उघडलीच नाही.

नमुना टांगायची वाट न पाहता रणधीरने घाई करून गरम खव्याचे पंधरा किलोचे डबे भरले. पेढेवाल्याने सारा माल तांबूस म्हणून परत केला. बाईंनी त्यातला चमचाभर खवा वाटीत आणून माझ्या टेबलावर ठेवला.

“तुम्हाला ठावं होतं व्हय, सर?”

“होते.”

“मग लिवा.”

“उद्या लिहितो,” मी म्हणालो. मार्गशीर्षात त्या हृदयविकाराने गेल्या.

माघात मी स्वतः भट्टीवर जाऊन लिहिले : ‘मोठ्या डब्यात खवा तांबूस पडतो, दोन किलोच्या वर भरू नये.’ नमुना आता अकरा भट्ट्यांवर आहे. वर नाव त्यांचे आहे. खाली माझे घालू का, असे रणधीरने विचारले. मी नको म्हणालो, आणि वाटेत दोनदा परत फिरावेसे वाटले. बाईंची वाटी अजून माझ्याकडे आहे. ती त्यांच्या घरी पोचवायची राहिली आहे.