तापीच्या राखेतलं सोनं

धुळ्याच्या देवपुरातून सकाळची एसटी धरायची, अमळनेरला उतरायचं आणि मिळेल त्या गाडीने तापीकाठी पोचायचं, असा दोन हिवाळे माझा क्रम होता. तिथे नदीने कापलेली उंच दरड आहे. खाली वाळू-गोट्यांचा दगड झालेला थर, वर पिवळी माती आणि मधे हातभर जाडीचा पांढुरका पट्टा. तो राखेचा. माणसाच्या आठवणीच्या फार आधी, समुद्रापार कुठेतरी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वाऱ्यावर तरंगत इथवर आली. त्या राखेत सोनं, प्लॅटिनम असे धातू किती आहेत हे मोजणं, हा माझ्या संशोधनाचा विषय.

दरडीखाली बसलं की वेळेचं भान सुटायचं. राख बोटांना पिठीसारखी लागायची, वाऱ्याबरोबर उडायची आणि नदीपलीकडचे कापसाचे मळे धुक्यात असल्यासारखे दिसायचे.

दरडीवरचं शेत एका अक्कांचं होतं. साठीच्या असतील. पहिल्या दिवशी त्या घमेलं घेऊन खाली उतरल्या.

"काय करी ऱ्हायनी वं बेटी?"

"ही राख नेतेय, अक्का. हिच्यात सोनं आहे का ते बघायचंय."

त्या मनापासून हसल्या. "सोनं? आम्ही तं यानी भांडा घासतस!"

नमुने मी स्वतःच कुटून, दूरच्या प्रयोगशाळेत पाठवले. निकाल आला तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. प्लॅटिनम नावालाच, पण सोनं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. ते दिवस मी हवेतच होते. झोपेतसुद्धा सोनेरी राख पडताना दिसायची. आणि नको ते करून बसले: पुढच्या फेरीत अक्कांना सांगून टाकलं.

निकालाचा कागद घेऊन जळगावला माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

"कुटण्याआधी ढेकळं कशाने फोडली?"

"हातानेच, सर. तिथेच दरडीखाली बोटांनी चुरली."

ते नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले. मीही खाली बघितलं. एम.एस्सी. झाले तेव्हा आईने शिलाईच्या कमाईतून करून दिलेली अंगठी बोटात होती. तिच्यावरची नक्षी एका बाजूने पुसट झाली होती. ही राख म्हणजे काचेच्या फुटक्या बुडबुड्यांचा चुरा, हे सूक्ष्मदर्शकातून मी शंभरदा पाहिलं होतं. त्या काचेने आईचं सोनं खरवडलं होतं आणि मी तेच मोजून आणलं होतं.

मला रडू आलं. सर म्हणाले, "पुन्हा जा. या वेळी हात मोकळे ठेवून."

अंगठी आईजवळ देऊन मी तापीवर गेले. बघते तर अक्कांनी राखेच्या पट्ट्यापुढे बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. कुणी माती नेऊ नये म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

अक्कांनी माझं रिकामं बोट निरखलं. मग म्हणाल्या, "म्हंजे ते सोनं तुनी मायनं व्हतं?"

"हो."

"मंग वाया नई गये. आम्हनी माटीमा ऱ्हायनं."

त्यांनीच काटे बाजूला ओढले. मी प्लास्टिकच्या चमच्याने नमुना घ्यायला लागले, तशा त्या उठून लांब जाऊन बसल्या. "मना गळामा सोनानी पोत शे," त्या ओरडून म्हणाल्या, "आखो गडबड नको!" मी हसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

नवा निकाल आला. सोनं जवळजवळ नाहीच. प्लॅटिनम त्याहून कमी. सरांनी सांगितलं, आहे तसं लिहा आणि अंगठीचंही लिहा. मी लिहिलं.

चमच्याने नमुना घेतला त्या दिवशी परतण्याआधी अक्कांनी विचारलं होतं, ही राख पडली तेव्हा कसं दिसलं असेल? मला नक्की माहीत नव्हतं. मी म्हटलं, आवाज आला नसेल. नदीवर, झाडांवर, जनावरांच्या पाठीवर हळूहळू पांढरं साचत गेलं असेल, दिवसचे दिवस. त्या ऐकत होत्या. बोलता बोलता मला ते खरंच दिसायला लागलं आणि माझी गाडी चुकली.