सुरेखा टबात कशी पडली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून बसते, तेव्हाही या एका गोष्टीला वळसा घालूनच बसते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

सुरुवात माझ्या अंगातल्या आगीपासून केली, तर तुम्हाला वाटेल सबब शोधतेय. पण ती आग खरी होती. अठ्ठेचाळिसावं वर्ष. पाळी तीन-तीन महिने गायब, आणि दिवसातून दहा वेळा छातीतून भडका उठून कानशिलांपर्यंत जायचा. आखातातलं शहर, अल कुसैस भागातला आमचा फ्लॅट, एसी अठरावर, मकरंद — माझा नवरा — पांघरूण घेऊन बसलेला, आणि मी घामाने निथळत उभी. भडक्यामागून राग यायचा. कसला राग? कशाचाही. एकदा पोह्यांची बशी भिंतीवर फेकली. मकरंद ऑफिसची बॅग उचलून निघून गेला. एकदा रेवाने हाक ऐकली नाही म्हणून तिच्या खोलीचं दार लाथेने उघडलं. पंधरा वर्षांची मुलगी, पलंगावर भिंतीला चिकटून बसली. "मम्मा, यू आर स्केअरिंग मी," म्हणाली. आणि मला — हेही सांगूनच टाकते — ते ऐकून बरं वाटलं.

घरात मला न घाबरणारी एकच होती. सुरेखा. आमच्याकडे राहून सगळं घरकाम करायची. देवरुखच्या बाजूची, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. तिचा व्हिसा मकरंदच्या नावावर आणि पासपोर्ट माझ्या कपाटात, साड्यांखाली. "सांभाळून राहील," असं मी तिला सांगितलं होतं. तिचीही पाळी जायचं वय, तिलाही तसेच भडके. दुपारी दोघी स्वयंपाकघरात असलो की फ्रीझरचं दार उघडून आळीपाळीने आत तोंड घालायचो. "वहिनी, सरका, आता माझा नंबर," म्हणायची आणि हसायची. मैत्रीण होती का माझी? तेव्हा मी तसं म्हटलं नसतं. आम्ही टेबलावर जेवायचो, ती ओट्यापाशी स्टुलावर.

तर, तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. आमच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बर्फाच्या पाण्याचं वेड आलं होतं. या वयात गार पाण्यात बसलं की भडके थांबतात, झोप लागते, मन शांत होतं — असं एकीने लिहिलं, मग सगळ्याच लिहायला लागल्या. गळ्यापर्यंत बर्फात बसून हसणाऱ्या बायकांचे व्हिडिओ. दोन मिनिटं पूर्ण केली की खाली बाकीच्यांचं "वाघीण! वाघीण!" मला वाघीण व्हायचं होतं. मी जाहीर करून टाकलं — गुरुवारी माझा व्हिडिओ.

इथल्या ऑगस्टात गार नळाचं पाणीही चटका देतं, गच्चीवरच्या टाकीत दिवसभर उकळलेलं असतं. ग्रोसरीतून बर्फाच्या पिशव्या मागवल्या. सुरेखाने आणि मी त्या दातांनी, सुरीने फाडून टबात ओतल्या. बघता बघता वितळल्या. पुन्हा मागवल्या. शेवटी पाण्यावर बर्फाचा थर तरंगायला लागला. मकरंद ऑफिसात, रेवा मैत्रिणीकडे. फोन मी बेसिनवर ग्लासाला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ चालू केला. सुरेखा टॉवेल घेऊन शेजारी उभी.

मी आत बसले.

छातीवर कुणीतरी लाथ घातल्यासारखा श्वास तुटला. मी ओरडले — माणसासारखी नाही — आणि टबाच्या बाहेर उडी टाकली. नऊ सेकंद. बेसिनला धरून थरथरत उभी राहिले, नाकातून पाणी गळत होतं. आणि सुरेखा हसली. कुत्सित नाही हो. फ्रीझरपाशी हसायची तसंच. "अगंबाई, वहिनी, कोंबडीगत उडालात की!" असं म्हणत टॉवेल पसरून ती मला गुंडाळायला पुढे आली.

इथे आले की मी दरवेळी थांबते. कारण जी हकिगत मी सगळ्यांना सांगत आले, तिच्यात सुरेखा इथे घसरते. ओली फरशी, तिच्या गुळगुळीत झालेल्या सपाता, गेलेला तोल. इतक्या वेळा सांगितलंय की मला ते दिसतंसुद्धा. काही दिवस तर मी तेच खरं धरून चालते.

सुरेखा घसरली नाही. मी तिची वेणी धरली. मुळाशी धरली, मनगटाला एक वेढा दिला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून तिला टबाकडे ओढलं. तिचं कपाळ नळावर आपटलं. तो आवाज — नारळ दगडावर आपटावा तसा — अजून कानात आहे. ती आडवी आत पडली, पाय बाहेर राहिले. ते पाय मी उचलून आत टाकले. मग गुडघे टेकून तिच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि दाबलं. ती कड धरून उठायला बघत होती, तर तिची बोटं एकेक करून सोडवली. करंगळी सुटेना, म्हणून उलटी वाकवली. मोडली तेव्हा मला कळलं. तरी थांबले नाही. दोनदा तिचं तोंड पाण्याखाली गेलं. गेलं काय — मीच घातलं. पाणी लाल झालं होतं. ती आधी "वहिनी, वहिनी" म्हणत होती. मग शब्द संपले, नुसते दात वाजत राहिले. आणि मी म्हणत होते, "हस ना. हस ना आता."

का थांबले? दया आली, असं सांगायला आवडलं असतं. माझे हात बधिर झाले. पकड सुटली. ती आपली आपण बाहेर आली, चार पायांवर.

मीच तिला कोरडे कपडे घातले, मीच गाडीने दवाखान्यात नेलं. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "घसरलीस म्हणून सांगायचं." तिने मान हलवली. डॉक्टर बाईंनी हिंदीत विचारलं, "कैसे लगा?" — माझ्याकडे न बघता, तिलाच. सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "फिसल गयी." कपाळाला पाच टाके, करंगळीला पट्टी. एवढं झाल्यावर तिने मला गाडीत एकच विचारलं, "वहिनी, संध्याकाळी भाजी कुठली करायची?"

घरी आल्यावर तो व्हिडिओ पाहिला. फोन सगळा वेळ चालूच होता. मला वाटत होतं, दहा-पंधरा सेकंद धरलं असेल तिला. एक मिनिट चाळीस सेकंद. माझा चेहरा बाजूने दिसत होता. चवताळलेला असेल असं वाटलं होतं मला — तसा नव्हता. कणीक मळताना असावा तसा होता. मी तो पुसून टाकला. पुसलेले व्हिडिओ जिथे जमा होतात, तिथूनही पुसला.

पण याहून वाईट पुढेच आहे. त्या संध्याकाळी मला एकही भडका आला नाही. सुरेखाला झोपवून मी स्वतः वरण-भात लावला. गुणगुणत होते. रेवा आली, तिला काय घडलं ते — म्हणजे ते घसरण्याचं — सांगितलं. ती सुरेखाला बघून आली, मग माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "मम्मा, यू आर इन सच अ गुड मूड टुडे." रात्री कित्येक महिन्यांनी सलग झोपले. सकाळी उठून ग्रुपवर लिहिलं — दोन मिनिटं पूर्ण, व्हिडिओ उडाला, पण नवा जन्म झालाय. सगळ्यांनी लिहिलं, वाघीण.

टाके निघाल्यावर मी मकरंदला सांगितलं, सुरेखाला गावी जायचंय. सुरेखाला सांगितलं, साहेबांनी जायला सांगितलंय. दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही. विमानतळावर तिच्या हातात पासपोर्ट ठेवला. तिने तो डाव्या हाताने घेतला, उघडून आपला फोटो बघितला आणि आत गेली.

पुढे ग्रुपवर मी बर्फाच्या पाण्याबद्दल सल्ले द्यायला लागले. किती पिशव्या लागतात, श्वास कसा घ्यायचा. करामा भागात एका ताईंच्या घरी पंधरा-वीस बायकांपुढे बोललेसुद्धा. स्वतः त्यानंतर टबात कधीच बसले नाही.

आणि चार महिन्यांपूर्वी शारजाहून एका बाईंचा फोन आला. मराठीच. घरात तान्हं बाळ, मदतीला बाई हवी होती. गावाकडच्या ओळखीतून सुरेखाचं नाव कळलं होतं. तिला पुन्हा यायचंय म्हणाल्या, मुलाच्या शिक्षणासाठी. "तुमच्याकडे दोन वर्षं होती ना? कशी आहे हो?"

कशी आहे? दोन वर्षांत तिच्या हातून एक कपसुद्धा फुटला नव्हता. रेवा तापाने फणफणली होती, तेव्हा ती तीन दिवस तिच्या पलंगाशी जमिनीवर झोपली होती. हे सगळं माझ्या जिभेवर होतं.

"कामाला चांगली आहे," मी म्हणाले, "पण धांदरट आहे हो. आमच्या बाथरूममध्ये अशी पडली की टाके घालायला लागले. तुमच्याकडे तान्हं बाळ — तुम्हीच बघा बाई."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. त्यांनी दुसरी बाई ठेवली.

शारजा आमच्यापासून अर्ध्या तासावर. ती तिथे राहायला आली असती, कधीतरी कुणाशी बोलली असती — एवढंच होतं माझ्या मनात. माझी पाळी आता कायमची गेलीय, भडके थांबलेत. फोन आला तेव्हा मला राग नव्हता, घाम नव्हता. मी सोफ्यावर बसले होते आणि प्रत्येक शब्द नीट विचार करून बोलले.